पोटातली संप्रेरकं लाळेचं काय करतात?

दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यावर मज्जासंस्थेचा ताबा असतो, हे पाठ्यपुस्तकातलं विधान खरं आहे, पण अपुरं. पाण्याचा भाग नसा ठरवतात. त्या पाण्यात प्रथिनं आणि विकरं किती, याबाबत मात्र जठर आणि आतड्यातल्या संप्रेरकांचंही थोडंफार चालतं.

आधी घोटाळा कुठे झाला ते पाहू. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आतड्याच्या नसा तोडूनही तिथे आम्ल घातल्यावर स्वादुपिंडाचा रस पाझरतो, हे दाखवलं. निरोप रक्तातून जात होता, आणि तो नेणारं सिक्रेटिन हे पहिलं ओळखलं गेलेलं संप्रेरक. लाळग्रंथीची नस तोडली की मात्र जेवताना सुटणारी लाळ जवळजवळ थांबते. तेव्हा इथे संप्रेरकांचं काम नाही, असं मानून पुढे बराच काळ कोणी फारसं खोलात गेलं नाही.

लाळग्रंथीच्या पेशींत दोन कामं बरीचशी स्वतंत्रपणे चालतात. पॅरासिंपथेटिक नसांमधून, म्हणजे शरीर निवांत असताना पचन चालवणाऱ्या नसांमधून, अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन आलं की पेशीतलं कॅल्शियम वाढतं, क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं. अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं विकर, शाळेतलं टायलिन, पेशीच्या टोकाशी बारीक कणिकांत साठवलेलं असतं. या कणिका फुटून विकर नलिकेत पडायला मुख्यतः सिंपथेटिक, म्हणजे भीती-ताणात जाग्या होणाऱ्या, नसा लागतात. घाबरल्यावर तोंड कोरडं आणि चिकट लागतं, त्यातला चिकटपणा प्रथिनांचा.

गॅस्ट्रिन आणि कोलेसिस्टोकायनिन ही दोन संप्रेरकं या दुसऱ्या, विकर बाहेर टाकण्याच्या, कामात हात घालतात. गॅस्ट्रिन जठराच्या खालच्या भागातून येतं. कोलेसिस्टोकायनिन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, तेही स्निग्ध आणि प्रथिनयुक्त अन्न तिथे पोचल्यावर. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या रक्तात ही द्रव्यं सोडली तेव्हा लाळ वाहताना दिसली नाही, पण ग्रंथीतला अमायलेजचा साठा घटला. नंतर दुसऱ्या औषधाने लाळेची एक लाट आणल्यावर नलिकेत साचलेली प्रथिनं तिच्यासोबत बाहेर आली. नुसतं मिलिलिटर मोजणाऱ्याला हे कधीच सापडलं नसतं. झोपेशी जोडलेलं, पण आतड्यातही तयार होणारं मेलाटोनिन हे संप्रेरक असंच वागतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या लाळग्रंथींच्या तुकड्यांवर इटलीतल्या गटाने स्वीडिश सहकाऱ्यांसह गॅस्ट्रिनसारखं द्रव्य आणि मेलाटोनिन वापरून पाहिलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणिका रिकाम्या होत असल्याच्या खुणा तिथेही दिसल्या.

यात वेळेचा मुद्दा महत्त्वाचा. घास तोंडात काही सेकंदच राहतो. संप्रेरकं रक्तात वाढायला काही मिनिटं जातात. त्यामुळे पहिल्या घासाच्या पचनात त्यांचा वाटा शून्य धरावा. फायदा झालाच तर जेवणातल्या पुढच्या घासांना, किंवा जेवणानंतर तोंडाच्या अस्तरावर प्रथिनांचा थर टिकवायला. आंबट ढेकर आल्यावर तोंडाला सुटणारं पाणी यात धरू नका. ती अन्ननलिकेकडून नसांमार्गे होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे.

अमायलेजचं काम घरी पाहता येतं. भाताच्या पेजेचं वरचं पातळ पाणी कोमट होऊ द्या. दोन वाट्यांत दोन-दोन चमचे घ्या, एकीत अर्धा चमचा लाळ आणि दुसरीत तेवढंच साधं पाणी घालून ढवळा. दोन्ही वाट्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून प्रत्येकीत पोविडोन-आयोडीनचा (जखमेवर लावायचं तांबडं औषध) एक थेंब पाण्यात पातळ करून टाका. पाणी घातलेली वाटी निळी-काळी होते. लाळेची फिकी, तांबूस किंवा नुसती पिवळसर राहते.

फसण्याची कारणं ठरलेली आहेत. पेज गरम असेल तर विकर निकामी होतं. पेज फार दाट असेल तर दहा मिनिटं पुरत नाहीत. आम्लाचा परिणाम पाहायला लिंबू पिळणं ही हमखास चूक, कारण त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं आणि स्टार्च संपल्याचा भास होतो. व्हिनेगर वापरा, आणि ते लाळेच्या आधी पेजेत मिसळा. या विकराला सात पीएचच्या आसपास चांगलं काम जमतं. चारच्या खाली ते जवळपास थांबतं. तरी गिळलेल्या घासाच्या आतवर जठराचं आम्ल झिरपेपर्यंत वेळ लागतो, तोवर पोटातही स्टार्च फुटत राहतो.

अमायलेज लाळग्रंथींप्रमाणे स्वादुपिंडातही तयार होतं, आणि रक्तातलं अमायलेज तपासताना हाच दुहेरी उगम त्रास देतो. गालगुंड झाल्यावर लाळग्रंथीतलं अमायलेज रक्तात वाढतं. सोबत पोट दुखत असेल तर स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका येते. अशा वेळी लायपेज हे स्वादुपिंडाचं स्निग्ध पदार्थ पचवणारं विकरही तपासतात, कारण लाळग्रंथींच्या सुजेने ते सहसा वाढत नाही.