पार्श्वभूमी : पंपात गेलेलं बुश

शेतातल्या स्टार्टरच्या डब्याला करंट उतरला की सगळे आधी मोटार वर काढायला निघतात. काटोलकडच्या आमच्या विहिरीवर तेच झालं. मोटार चांगली निघाली. डब्याच्या तळाच्या भोकातून आत येणारी वायर पत्र्याच्या कडेवर नखाएवढी कापली गेली होती, आतलं तांबं दिसत होतं. त्या भोकात बुश, म्हणजे वायर कडेवर कापू नये म्हणून भोकात बसवायचं कडं, कधी बसलंच नव्हतं.

गावोगावी वीज पोचू लागली तेव्हा घरातली फिटिंग सागाच्या पट्टीवर असे. वायर डोळ्यांसमोर, पत्र्याशी संबंध कमी. भिंतीतून जायचं तर नळी, आणि नळीच्या तोंडाला चिनी मातीचं किंवा लाकडाचं बुश. कापसाच्या जिनिंगसारख्या कारखान्यांत वायरीसाठी लोखंडी पाईप असत. हॅक्सॉनं पाईप कापला की आतून धार राहते. ती रीमरनं, म्हणजे आतून खरवडायच्या हत्यारानं काढून, बुश चढवून मगच वायर ओढायची. अमेरिकेत लोखंडी पट्टी गुंडाळलेल्या केबलच्या कापलेल्या टोकात फायबरचं बुश घालणं पुढे नियमातच आलं. आपल्याकडे पुढे वायरीसाठी प्लास्टिकचा पाईप आला. त्याची कड बोथट, म्हणून बुशाची सवय सुटली. स्टार्टरचा डबा मात्र पत्र्याचाच राहिला.

खरा घोळ शब्दांचा आहे आणि तो किरकोळ नाही. गावात दुकानदाराला 'बुश द्या' म्हटलं तर तो विचारतो, किती एचपीचा पंप? कारण त्याच्या लेखी बुश म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याचं, शाफ्टचं, जे झिजलं की पंप थरथरतो. 'ग्लँड' म्हणजे पाणी गळू नये म्हणून दोरी भरतात ती जागा. केबल डब्यात घट्ट धरणारी पितळी ग्लँड सांगितली तर शेतकऱ्याला तीच दोरी आठवते. 'केसिंग' म्हणजे बोअरचा पाईप. वायरी झाकायची पट्टी, म्हणजे केसिंग-कॅपिंग, शहरातली. तिन्ही शब्द पाण्याकडे गेले. त्यामुळे वायरमन 'बुश लावलं' म्हणतो आणि मालक 'हो' म्हणतो, तेव्हा दोघांच्या मनात वेगळी वस्तू असू शकते. माझ्या मते वायरमन फिटिंग तपासून देतो त्या टेस्ट रिपोर्टवर 'भोकाच्या कडेला रबर' असं सरळ लिहायला हवं. बोअरच्या तोंडाशी हे काम सायकलच्या ट्यूबचा तुकडा करतो, कारण मोटार सुरू होताना केबलला झटका बसतो आणि ती पाईपाच्या कडेवर घासते. ट्यूब उन्हात तडकते, पण निदान कोणीतरी कड पाहिलेली असते.

विदर्भाच्या मे महिन्यात पत्र्याचा डबा हात लावू देत नाही. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश. त्याच्या आतही गरम झालेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि कड हळूहळू आत शिरते. काळी माती भेगाळून अर्थिंगच्या सळईपासून सुटते. मग डब्याला उतरलेला करंट जमिनीत नीट जात नाही, फ्यूज उडत नाही, डबा जिवंत राहतो. भारनियमनाच्या वर्षांत पंपाची थ्री फेज वीज रात्री यायची. ओल्या पायांनी, अंधारात, याच डब्याला हात लागायचा.

२०१९ नंतर सौर पंप वाढले आणि वायर पुन्हा धातूवर आली. पॅनेलखालच्या लोखंडी सांगाड्याच्या कापलेल्या कडांवरून ती जाते. हा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा असतो, घरातल्या एसीसारखा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत नाही. वायर कापली जाऊन ठिणगी पेटली तर ती सहज विझत नाही, आणि ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही.