लालकुट्ट टमाटर आणि शब्दांची संगत

मागच्या आठवड्यात शेजारची मल्याळी मुलगी बाजारातून आली आणि फाटकातूनच ओरडली, "काका, आज काय लालकुट्ट टमाटर मिळाले!" नोकरीसाठी नागपुरात येऊन तिला दीड वर्ष झालं. मराठी हट्टाने शिकते, कुणी हिंदीत उत्तर दिलं की चिडते. आम्ही दोघं हसलो, तशी तिने विचारलं, "काळाकुट्ट म्हणता ना? मग लालकुट्ट का नाही?" बायको म्हणाली, "आपल्यात तसं म्हणत नाहीत गं."

हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं. पण मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं आहे, आणि रात्री विचार करता करता लक्षात आलं, की याहून नेमकं उत्तर भाषाशास्त्रही देणार नाही.

बघा ना. लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, पांढराशुभ्र, काळाकुट्ट. ‘गार’ म्हणजे थंड, मग हिरव्या रंगाला गारवा कुठून आला? थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार, अंधार मिट्ट. यांतलं एकही मास्तरांनी शिकवलेलं नाही, तरी मिट्ट थंडी आणि मुसळधार अंधार कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही हेच. तिथे चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. मोटारीचं इंजिन मात्र ‘पॉवरफुल’. पाऊस ‘हेवी’ पडतो आणि वारा ‘स्ट्राँग’ सुटतो. चहाचं हे उदाहरण हॅलिडे नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली दिलं आणि तेव्हापासून ते उकळतंच आहे. शब्दांच्या या सवयीला ‘कोलोकेशन’ म्हणतात. मला आपला ‘संगत’ हा शब्द पुरे वाटतो. हॅलिडेचे गुरू जे. आर. फर्थ. शब्द ओळखायचा तर त्याची संगत पाहा, असं त्यांनी १९५७ साली लिहिलं. हे गृहस्थ तरुणपणी लाहोरला, पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवायला होते.

आता संगत मोजायची कशी? इथे माझी गाडी रुळावर येते.

समजा, दहा लाख शब्दांचं इंग्रजी लिखाण जमवलं. त्यात ‘स्ट्राँग’ २०० वेळा आला आणि ‘टी’ ५० वेळा. (आकडे माझे, हिशेब सोपा व्हावा म्हणून.) शब्द जर सोडतीच्या चिठ्ठ्यांसारखे कसेही पडत असते, तर ‘स्ट्राँग’च्या लगेच पुढे ‘टी’ किती वेळा यावा? २०० गुणिले ५०, भागिले दहा लाख, म्हणजे ०.०१ वेळा. असे शंभर ढीग उपसावे तेव्हा कुठे एकदा. प्रत्यक्षात समजा आठदा सापडला. आठ भागिले ०.०१ म्हणजे ८०० पट. याचा दोन पायाचा लॉगॅरिदम घ्या (म्हणजे दोनचा कितवा घात केला की ८०० येतात, ते): साधारण ९.६. या आकड्याला ‘म्युच्युअल इन्फर्मेशन’ म्हणतात. एक शब्द दिसला की दुसऱ्याची चाहूल किती लागते, त्याचं हे माप. केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी १९९० साली ते शब्दकोशाच्या कामाला जुंपलं. मापात एक खोट आहे. दोन शब्द अख्ख्या ढिगात एकेकदाच आले आणि योगायोगाने शेजारी बसले, तर गुणोत्तर दहा लाख होतं आणि लॉगॅरिदम जवळजवळ २०, म्हणजे स्ट्राँग टीच्या दुप्पट! म्हणून जोडी किमान काही वेळा दिसल्याशिवाय तिला मोजायचं नाही, असा नियम घालतात किंवा जोडीला टी-स्कोअर पाहतात, म्हणजे ही जोडी निव्वळ योगायोगाची नाही याची खात्री किती, ते सांगणारा आकडा. हा टी चहाचा नव्हे. टी-स्कोअरवर मी तासभर बोलू शकतो, पण बायको म्हणते आवर.

हा हिशेब आपला मेंदू आपल्याला न विचारता करतो. सॅफ्रन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग माळ ऐकवली. मध्ये विराम नाही, चढउतार नाही, फक्त दोन मिनिटं. कोणत्या अक्षरामागून कोणतं हमखास येतं, एवढ्यावरून बाळांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे ओळखले. पाळण्यातला संख्याशास्त्रज्ञच तो.

मग मोठेपणी इंग्रजी शिकताना हा संख्याशास्त्रज्ञ कुठे जातो? तो जात नाही, त्याला काम उरत नाही. बाळाला शब्दाबरोबर अर्थही घडवायचा असतो. आपल्याकडे अर्थ मराठीत तयार असतात, भिंतीवर खुंट्या ठोकलेल्याच असतात. इंग्रजी शब्द आला की आपण तो सदऱ्यासारखा मराठी खुंटीवर टांगतो आणि मोकळे होतो. नान ज्यांग या संशोधकाने २००० साली मांडलेली कल्पना थोडक्यात हीच: रूप नव्या भाषेचं, अर्थ आणि व्याकरण जुन्या भाषेचं. पुष्कळ शब्द या टप्प्यावर कायमचे अडकतात, माणूस रोज इंग्रजी बोलत असला तरी.

माझी खुंटी ‘सावली’ची. मे महिन्यात नागपुरात दुपारी गाडी कुठे लावायची, हा जिवाचा प्रश्न असतो. एकदा एका परदेशी पाहुण्यांना मी मोठ्या आपुलकीने सांगितलं, "पार्क इट इन द शॅडो." ते गोड हसले. मला वाटलं, ऊन लागलं बिचाऱ्याला. इंग्रजीत उन्हाबाहेरची गारव्याची जागा म्हणजे ‘शेड’, आणि ‘शॅडो’ म्हणजे वस्तूची जमिनीवर पडलेली आकृती. आपल्याला कडुनिंबाखाली बसायचं असो की भिंतीवर बोटांचं हरीण पाडायचं असो, दोन्ही ‘सावली’च. दोन शब्द, खुंटी एक.

ज्यांगने पुढे हे तपासलंही. इंग्रजी उत्तम येणाऱ्या चिनी भाषकांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, यांचे अर्थ एकमेकांशी संबंधित आहेत का? ज्या दोन शब्दांना चिनीत एकच प्रतिशब्द आहे, त्यांना ‘हो’ म्हणायला त्यांना कमी वेळ लागला. जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांच्या वेळेत असा फरक पडला नाही. पडद्यावर शब्द इंग्रजी, डोक्यात खुंटी चिनी, आणि घड्याळाने ती पकडली!

खुंटीवर व्याकरणही टांगलेलं असतं. ‘चर्चा’ आपण कशाबद्दल तरी करतो, म्हणून ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ आपसूक येतो. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून पोरं म्हणायची, "सर, आय गेव्ह द एक्झाम." इंग्लंडात परीक्षा विद्यार्थी घेतो आणि मास्तर देतो. म्हणजे पेपर मी रात्री जागून काढायचा, आणि दिली म्हणे यांनी.

उलटा त्रासही होतो, बरं का. भंडारा-गोंदियाकडे धान पिकतं, दुकानात तांदूळ मिळतो, ताटात भात येतो. इंग्रजाला बहुतेक ठिकाणी एका ‘राइस’वर भागवायची सवय, त्यामुळे मराठी शिकताना तो बाजारात दोन किलो भात मागतो.

‘शब्द – मराठी अर्थ’ अशा दोन रकान्यांच्या वहीवर माझा राग आहे तो यामुळे. ती वही खुंटी आणखी घट्ट ठोकते. सुरुवातीला दुसरा इलाज नसतो हे कबूल, पण तिसरा रकाना संगतीचा हवा. ‘डिसिजन’ एकटा लिहू नये, ‘मेक अ डिसिजन’ असा जोडीने लिहावा. ही गरज आधी कळली ती परक्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना. हॅरल्ड पामरने टोकियोत बसून १९३३ साली इंग्रजीतल्या अशा संगतींची मोठी यादी छापली. त्याच्याबरोबर काम केलेल्या हॉर्नबीने जपानी विद्यार्थ्यांसाठी शब्द ‘वापरायचा कसा’ हे सांगणारा कोश केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने छापला. आपल्या घरोघरी असलेला विद्यार्थ्यांचा जाडजूड कोश त्याचाच वंशज. त्यात अर्थाखालची उदाहरणाची वाक्यं वाचायची असतात. आपण नेमकी तीच गाळतो.

उजळणीबद्दल एवढंच, की ती एका रात्रीत रगडून न करता अंतराअंतराने करावी. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून हे दाखवलं आहे.

आणि हो, रिक्षांच्या पाठीवर ‘झोपेत इंग्रजी शिका’ आणि ‘मध्यमेंदू जागृत करा’ अशा जाहिराती दिसतात. दिवसा शिकलेलं पक्कं करायला झोप लागते हे खरं. पण जे शिकलंच नाही ते झोप काय पक्कं करणार? मध्यमेंदू तर डोळ्यांच्या हालचाली आणि कानांवरून येणारे संदेश सांभाळत कामावरच असतो. पोराचा तो खरंच बंद पडला, तर फी भरायला नाही, दवाखान्यात धावावं लागेल.

आता चूक कशाला म्हणायचं, हा प्रश्न उरतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालचं भारतीय इंग्रजी लिखाण जमवून सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह केला, अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या संग्रहाच्या धर्तीवर. त्याची गरज पडली, कारण भारतीय इंग्रजीच्या संगती वेगळ्या आहेत आणि त्या मोजता येतात. कोट्यवधी लोक एक्झाम ‘देत’ असतील, तर ती व्यक्तीची चूक राहत नाही, प्रदेशाची सवय होते. लंडनला अर्ज पाठवताना ‘टेक’ लिहावं, आमच्या नागपूरच्या बर्डीवर ‘गिव्ह’ खपतं. आम्हा नागपूरकरांना हे सांगायला नको. हिंदीच्या खुंटीवर मराठी टांगून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘जाऊन राहिलो’ आणि ‘येऊन राहिलो’. पुणेकर हसतात, तरी आम्ही येऊनच राहिलो.

काल संध्याकाळी ती मुलगी पुन्हा फाटकाशी थांबली. मी झाडांना पाणी घालत होतो. "काय करून राहिले काका?" तिने सहज विचारलं. तिच्या मराठीच्या पुस्तकात हे वाक्य नाही, मी ते चाळून पाहिलं आहे.