कार्यालयीन डेटा नेटवर्कवरील दूरध्वनी आणि फॅक्स

कार्यालयातील संगणकांसाठी टाकलेल्या नेटवर्कवरूनच टेलिफोनवरील संभाषणे आणि फॅक्स नेण्याची व्यवस्था. व्होइप, आयपी टेलिफोनी या नावांनी ती ओळखली जाते. पूर्वी कार्यालयात दोन वेगळी जाळी असत: ईपीएबीएक्सपासून (कार्यालयातल्या टेलिफोन एक्स्चेंजपासून) टेबलाटेबलापर्यंत गेलेल्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारा आणि संगणकांची लॅन. या व्यवस्थेत पहिल्या जाळ्याची गरज जवळजवळ संपते. डेटा नेटवर्क मात्र मुळात फायली आणि ई-मेल यांच्यासाठी घडले आहे. तिथे एखादे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, उशिरा आले किंवा पुन्हा मागवावे लागले, तरी कुणाला कळतही नाही. संभाषणाला उशीर सोसत नाही, फॅक्सला पॅकेटांची गळती सोसत नाही. उभारणीतला बहुतेक खटाटोप या दोन गरजा भागवण्यासाठी असतो.

पार्श्वभूमी

नेटवर्कवरून आवाज पाठवण्याचे प्रयोग अमेरिकेतील आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी नेटवर्कवर १९७३-७४ मध्येच झाले. त्यासाठी डॅनी कोहेन यांनी रचलेला नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉल हा आजच्या पद्धतींचा पूर्वज मानता येईल. इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने १९९५ मध्ये घरगुती संगणकांसाठी ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. १९९६ मध्ये नेटवर्कवर कॉल जोडण्याच्या रीतीचे एच.३२३ हे मानक आले आणि १९९९ मध्ये एसआयपी; एसआयपीची २००२ मधील सुधारित आवृत्ती आजही पायाभूत आहे. याच सुमारास सिस्कोसारख्या कंपन्यांच्या राउटरमध्ये साधे टेलिफोन आणि फॅक्स यंत्रे लावता येतील अशी कार्डे मिळू लागली. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त सॉफ्टवेअरमुळे साध्या लिनक्स संगणकाचेही ईपीएबीएक्स करता येऊ लागले आणि लहान कार्यालयांना हे तंत्र परवडू लागले.

सुरुवातीची ओढ पैशांची होती. दोन शाखांमध्ये डेटासाठी लीज लाइन, म्हणजे भाड्याची कायम जोडलेली लाइन, घेतलेलीच असे. मग त्याच लाइनवरून बोलता येत असताना एसटीडीचे बिल का भरायचे, असा सरळ हिशेब होता. भारतात बीएसएनएल आणि एमटीएनएलने १ मार्च २००६ पासून ‘वन इंडिया’ योजनेत देशभरातला एसटीडी दर मिनिटाला एक रुपयावर आणला आणि या हिशेबातला जोर कमी झाला. तरी व्यवस्था टिकली, कारण सगळ्या शाखांना मिळून एकच एक्स्चेंज, माणसाबरोबर फिरणारा एक्स्टेन्शन क्रमांक आणि कॉलची नोंद ठेवण्याची सोय जुन्या ईपीएबीएक्समध्ये सहज मिळत नव्हती.

आवाजाचे पॅकेट

टेलिफोनवरचा आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला असतो. जी.७११ या १९७२ च्या मानकानुसार त्याचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. नमुने मांडण्याच्या दोन रीती आहेत. भारतात आणि युरोपात ए-लॉ चालतो, अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ. उपकरणात चुकून दुसरी रीत निवडली गेली की आवाज खरखरीत आणि फाटका येतो.

सहसा २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये भरतात. तो भरतो १६० बाइट. त्यावर आरटीपी, यूडीपी आणि आयपी या पाठवणीच्या प्रोटोकॉलांची मिळून ४० बाइटची वेष्टने चढतात. सेकंदाला अशी ५० पॅकेट निघतात, म्हणून ६४ किलोबिटचा कॉल प्रत्यक्षात ८० किलोबिट खातो आणि इथरनेटची वेष्टने धरली तर सुमारे ८७. जी.७२९ हा कोडेक (आवाज बिटांत मांडण्याची रीत) तोच आवाज ८ किलोबिटमध्ये बसवतो. पण वेष्टने तेवढीच राहत असल्याने खर्च २४ किलोबिटपर्यंत जातो. बारीक लीज लाइनच्या काळात ही बचत मोलाची होती. आज फायबर आलेल्या कार्यालयात निव्वळ सवयीने जी.७२९ ठेवणे अनाठायी आहे. त्याने आवाज उतरतो आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, फॅक्सचा घात होतो.

किती कॉल एकाच वेळी चालतील याचा अंदाज डॅनिश गणिती ए. के. अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्राने काढतात. समजा, पुण्यातले मुख्य कार्यालय आणि चाकणचा कारखाना यांच्यात गर्दीच्या तासाला सरासरी १० कॉल सतत चालू असतात. शंभरात एखादाच कॉल अडावा अशी अपेक्षा असेल, तर १८ मार्ग लागतात. जी.७११ ने ते सुमारे १.४४ मेगाबिट होतात, जी.७२९ ने ४३२ किलोबिट. एवढी जागा दोन्ही दिशांना लागते आणि ती केवळ आवाजासाठी राखावी लागते.

नेटवर्कची तयारी

बोलणाऱ्याच्या तोंडातून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत आवाज १५० मिलिसेकंदांत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीची अपेक्षा आहे. त्याहून बराच उशीर झाला की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. १२८ किलोबिटच्या लाइनवर १,५०० बाइटचे एक डेटा पॅकेट बाहेर पडायला सुमारे ९४ मिलिसेकंद लागतात. त्याच्यामागे आलेले आवाजाचे पॅकेट घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या दुचाकीसारखे खोळंबते. म्हणून जुन्या राउटरमध्ये मोठ्या पॅकेटांचे तुकडे पाडून मधून आवाज सोडावा लागे. २ मेगाबिटच्या लाइनवर हाच वेळ ६ मिलिसेकंद होतो आणि तुकडे पाडण्याची गरज उरत नाही. अग्रक्रम मात्र वेगवान लाइनवरही द्यावाच लागतो, कारण बॅकअप सुरू झाला की कितीही रुंद लाइन काही क्षण तुडुंब भरते. आवाजाच्या पॅकेटवर ४६ या डीएससीपी, म्हणजे अग्रक्रम सांगणाऱ्या, क्रमांकाची खूण करतात आणि राउटर ती पाहून त्यांना आधी सोडतो. ही खूण वाटेतल्या प्रत्येक स्विचने आणि राउटरने मानली तरच तिचा उपयोग.

लॅनवर फोनसाठी स्वतंत्र व्हीएलएएन, म्हणजे त्याच तारांवरचे वेगळे आभासी नेटवर्क, करतात. फोनला वीज त्याच केबलमधून मिळावी म्हणून पीओई स्विच घेतात; २००३ च्या मूळ मानकानुसार असा स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॉटपर्यंत वीज देतो. स्विच निवडताना एकेका पोर्टपेक्षा सगळ्या पोर्टांना मिळून तो किती वॉट देऊ शकतो ते पाहावे. चोवीस पोर्टांच्या स्वस्त स्विचवर सगळे फोन लावल्यावर शेवटचे काही सुरूच न होण्याचे कारण बहुधा तिथेच असते.

कॉलची वाट

एसआयपी फोन सुरू झाला की सर्व्हरकडे आपली नोंद करतो. कॉल लावताना दोन्ही टोके सर्व्हरमार्फत कोडेक आणि पत्ते ठरवतात. आवाज मात्र त्यानंतर आरटीपीच्या वेगळ्या प्रवाहातून जातो. एकाच बाजूला ऐकू येणे ही सर्वांत परिचित तक्रार येथूनच उद्भवते. कॉल जोडला जातो, पण एका फोनने कळवलेला पत्ता कार्यालयाच्या आतला असतो आणि बाहेरून त्यावर पॅकेट पोहोचू शकत नाही. ब्रॉडबँड राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ ही सोय हे पत्ते परस्पर बदलू पाहते आणि बऱ्याचदा गोंधळ वाढवते. ती बंद करणे ही तंत्रज्ञाची पहिली चाचणी असते.

जुन्या जगाशी सांधा गेटवेने जोडला जातो. त्याचे एफएक्सएस पोर्ट साध्या फोनला किंवा फॅक्स यंत्राला डायल टोन देते. एफएक्सओ पोर्ट एक्स्चेंजकडून आलेल्या लाइनला जोडतात. मोठ्या कार्यालयात ३० कॉल एकदम नेणारी पीआरआय लाइन किंवा टेलिफोन कंपनीशी नेटवर्कवरून जोडणारी एसआयपी ट्रंक असते. कोणते आकडे फिरवले की कॉल कोणत्या वाटेने जायचा, हे डायल प्लॅनमध्ये लिहितात. चाकणचे एक्स्टेन्शन आतल्या आत, स्थानिक क्रमांक एफएक्सओवर, लीज लाइन बंद असेल तर शाखेचा कॉलही बाहेरून, असे पर्याय तिथेच मांडलेले असतात.

एफएक्सओची एक अडचण भारतात फार छळते. समोरच्याने फोन ठेवला तरी एक्स्चेंजकडून लाइन सुटल्याची विद्युत खूण नेहमी येत नाही. तेव्हा गेटवेला एंगेज टोन ऐकून कॉल संपल्याचे ओळखावे लागते. भारतातला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. अमेरिकेतला ४८० आणि ६२० हर्ट्झचा मिश्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. गेटवे कारखान्यातून अमेरिकी मांडणीवर आला आणि तसाच ठेवला, तर त्याला भारतीय टोन कळत नाही. लाइन अडकून राहते, पुढचा येणारा कॉल लागत नाही आणि दोष मात्र टेलिफोन कंपनीवर ढकलला जातो.

फॅक्स

कान फार सोशिक असतो. वीस मिलिसेकंदांचे एखादे पॅकेट हरवले तर उपकरण मागच्या आवाजाने ती फट बुजवते आणि ऐकणाऱ्याला काही जाणवत नाही. फॅक्स यंत्र १४,४०० बिटच्या गतीने बोलत असेल, तर तेवढ्या फटीत २८८ बिट जातात आणि त्याहून वाईट म्हणजे दोन मोडेमचा ताल चुकतो. जी.७२९ सारखे कोडेक तर मानवी वाणीच्या घडणीवर बेतलेले असतात. मोडेमचा सूर त्यातून गेला की ओळखण्यापलीकडे विकृत होतो. शांततेच्या वेळी पॅकेट न पाठवण्याची सोय आणि पॅकेटांच्या येण्यातला मागेपुढेपणा सावरण्यासाठी आपला आकार बदलत राहणारा जिटर बफर या गोष्टी संभाषणाला उपकारक, फॅक्सला घातक. आवाज स्वच्छ येतो म्हणून त्याच पोर्टवर फॅक्स यंत्र लावून मोकळे होणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक आहे.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, जी.७११ वरून सूर जसाच्या तसा नेणे. हा पासथ्रू लॅनवर आणि चांगल्या लाइनवर चालतो; इंटरनेटवर एखादे पान जाते, दहाव्या पानाला तुटते. दुसरा मार्ग टी.३८ या १९९८ च्या मानकाचा. त्यात कॉल आधी साध्या संभाषणासारखा जोडला जातो. पाठवणारे यंत्र ११०० हर्ट्झचा सूर थांबून थांबून देते, घेणारे २१०० हर्ट्झने उत्तर देते आणि मग ३०० बिटच्या संथ गतीने आपली क्षमता सांगू लागते. हा संवाद ऐकून, फॅक्स घेणाऱ्या बाजूचा गेटवे दुसऱ्या गेटवेला कळवतो की आता आवाज नव्हे, फॅक्स. दोघे टी.३८ वर जातात. यापुढे सूर नेटवर्कवर येतच नाहीत. प्रत्येक गेटवे आपल्याकडच्या यंत्राशी मोडेम बनून बोलतो, सुरांतून बिट काढतो आणि फक्त ते बिट पलीकडे पाठवतो. पलीकडचा गेटवे त्यांचे पुन्हा सूर करतो. प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या पॅकेटांतला मजकूरही पुन्हा भरता येतो, त्यामुळे मधले एखादे हरवले तरी पान शाबूत राहते.

टी.३८ दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक सेवादात्याकडे चालू असावे लागते. तसे नसेल तर यंत्राची गती ९,६०० पर्यंत खाली आणणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. ३३,६०० बिटच्या ‘सुपर जी३’ यंत्रांत ती गती बंद ठेवावी, कारण टी.३८ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना ती झेपत नाही. खराब भाग पुन्हा मागवणारा ईसीएम चालू ठेवावा की नाही, याबद्दल तंत्रज्ञांत दोन मते आढळतात. गळतीच्या लाइनवर तो बंद केला तर फॅक्स पूर्ण होतो, पण ओळी खाऊन पान मिळते. ज्या कागदावर रक्कम किंवा औषधाची मात्रा लिहिलेली आहे, त्याच्या बाबतीत अर्धवट पानापेक्षा अयशस्वी फॅक्स बरा.

मराठी वृत्तपत्रांच्या संदर्भात फॅक्सचे महत्त्व आणखी एका कारणाने होते. युनिकोड रुळण्याआधी एका संगणकावरचा देवनागरी मजकूर दुसऱ्यावर उघडेलच असे नसे. तालुक्याच्या बातमीदाराने हाताने लिहिलेली बातमी फॅक्सने मात्र जशीच्या तशी कार्यालयात उतरे. आज फॅक्स येतो तिथेही तो बहुधा सर्व्हरवर उतरतो आणि पीडीएफ होऊन ई-मेलमध्ये पोहोचतो.

भारतातील नियम

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित मुभा मिळाली: संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातील फोनवर बोलता येई, देशातल्या साध्या फोनवर नाही. कंपनीच्या आतल्या नेटवर्कवर शाखा एकमेकींशी बोलू शकत; पण ते कॉल सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात मिसळण्यास बंदी होती. पुणे, मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये यासाठी ईपीएबीएक्सचे भाग वेगळे ठेवावे लागत. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनी सार्वजनिक जाळ्याशी जोडून देण्याचा मार्ग मोकळा झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरांसाठीची नोंदणीची अट गेली आणि जून २०२१ मध्ये देशी व आंतरराष्ट्रीय केंद्रांमधला भेदही काढला गेला. परवानाधारक कंपनीला वगळून परदेशी कॉल देशातल्या फोनवर उतरवणे हा मात्र आजही गुन्हा आहे.

सुरक्षा आणि वीज

इंटरनेटला उघडा असलेला ५०६० क्रमांकाचा पोर्ट शोधणारी यंत्रे अखंड फिरत असतात. एक्स्टेन्शनचा क्रमांक हाच त्याचा पासवर्ड असेल, तर सुट्टीच्या रात्रीत परदेशी महागड्या क्रमांकांवर कॉल होऊन मोठे बिल येऊ शकते. गरज नसलेल्या एक्स्टेन्शनना आयएसडी बंद ठेवणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय.

साध्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे, त्यामुळे इमारतीतली वीज गेली तरी तो चाले. आयपी फोनसाठी स्विच, राउटर आणि सर्व्हर हे तिन्ही यूपीएसवर हवेत. तरीही प्रत्येक शाखेत एक साधी लाइन एफएक्सओवर ठेवावी आणि लिफ्टमधला फोन व अग्निशमन पॅनेल यांच्या लाइनी नेटवर्कवर नेण्याआधी त्यांच्या पुरवठादाराकडून खात्री करून घ्यावी. चाकणच्या फोनवरून फिरवलेला ११२ पुण्याच्या ट्रंकवरून बाहेर पडला, तर मदत पुण्याच्या पत्त्यावर निघण्याचा धोका असतो; म्हणून आपत्कालीन क्रमांक डायल प्लॅनमध्ये त्या त्या शाखेच्या स्थानिक लाइनवरच सोडतात.