किलबोवी ते होम पार्क: क्लाइडबँकच्या पाठीराख्यांची पार्श्वभूमी

मे महिना सरत आला की स्कॉटलंडमधले खालच्या विभागांतले फुटबॉल क्लब एक छोटी यादी जाहीर करतात. कोण राहणार, कोण जाणार, कोणाशी बोलणी चालू आहेत, एवढाच मजकूर. मोठ्या क्लबांच्या बातम्यांत ही यादी कुठे दिसतही नाही. पण क्लबच्या पाठीराख्यांसाठी वर्षातली सगळ्यात जीवघेणी बातमी हीच असते. गेल्या हंगामात ज्याच्या गोलवर घसा बसेपर्यंत ओरडलो, तो पुढच्या हंगामात शेजारच्या गावाच्या रंगात आपल्याविरुद्ध उतरतो. जुलैत सराव सामने सुरू होतात तेव्हा मैदानावर अर्धे चेहरे अनोळखी असतात.

अशा क्लबवर लोक पिढ्यान्‌पिढ्या जीव लावतात ते कशाच्या आधारावर? ग्लासगोच्या पश्चिमेला, क्लाइड नदीच्या काठी असलेल्या क्लाइडबँक गावाच्या क्लबचा इतिहास यासाठी पाहण्याजोगा आहे. तिथे आधी खेळाडू गेले, मग मैदान गेलं आणि शेवटी लीगमधली जागासुद्धा गेली. तरी त्या नावाचा संघ आज खेळतो आहे.

आधी खेळाडूंच्या ये-जा करण्याबद्दल. स्कॉटिश फुटबॉल लीग १८९० मध्ये सुरू झाली आणि पैसे घेऊन खेळायला स्कॉटिश फुटबॉल संघटनेने १८९३ मध्ये परवानगी दिली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं खेळाडूच्या नोंदणीवर क्लबचा हक्क असे. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय तो दुसरीकडे जाऊ शकत नसे. खेळाडूंवर हा उघड अन्याय होता. पण छोट्या क्लबांचं घर याच व्यवस्थेवर चाललं. चांगला पोरगा हेरायचा, दोन-तीन वर्षं खेळवायचा आणि मोठ्या क्लबला विकून पुढच्या काही हंगामांची सोय करायची. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्याचा निकाल दिला, आणि हळूहळू करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. तरुण खेळाडूंच्या घडणीसाठी थोडी भरपाई मिळते, पण पूर्वीसारखी बोली लागत नाही. लांबचा करार करायला छोट्या क्लबकडे पैसा नाही, म्हणून एका वर्षाचे करार आले. वरच्या क्लबांतले विशी न ओलांडलेले खेळाडू काही महिन्यांच्या उसनवारीवर येऊ लागले. बाकीचे दिवसभर शाळेत शिकवतात, सुतारकाम किंवा विजेची कामं करतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येतात. नोकरीची पाळी बदलली, बाळ झालं, घर लांब घेतलं, एवढ्यानेही खेळाडू क्लब सोडतो.

क्वीन्स पार्कची गोष्ट याहून वेगळी. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने दीडशे वर्षांहून अधिक काळ हौशी बाणा जपला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदान करून तो सोडला. तोवर तिथला खेळाडू पगाराच्या आशेने दुसरीकडे निघाला की त्याला अडवायला क्लबकडे काही साधन नसे. अँडी रॉबर्टसन २०१२-१३ च्या हंगामात स्कॉटलंडच्या चौथ्या स्तरावर या क्लबकडून खेळला. पुढच्या उन्हाळ्यात तो डंडी युनायटेडला गेला, तिथून हल सिटी, तिथून लिव्हरपूल, आणि स्कॉटलंडचा कर्णधार झाला. त्या एका हंगामात शनिवारी मैदानावर असलेले काही शे लोक आजही त्याला आपला मानतात. मला तो हक्क पूर्णपणे रास्त वाटतो.

आता क्लाइडबँक. हे गाव जहाजांचं आणि शिवणयंत्रांचं. जॉन ब्राऊनच्या गोदीत क्वीन मेरी आणि क्वीन एलिझाबेथ ही जहाजं बांधली गेली. किलबोवीत सिंगर कंपनीचा प्रचंड कारखाना होता. आपल्याकडे आजीच्या खोलीत असलेल्या काळ्या, सोनेरी वेलबुट्टीच्या सिंगर यंत्रांपैकी कितीतरी याच गावातून आलेली आहेत. मार्च १९४१ मध्ये जर्मन विमानांनी लागोपाठ दोन रात्री इथे बाँब टाकले. गावातली जेमतेम काही घरं शाबूत राहिली, पाचशेहून अधिक माणसं मेली. १९७१ मध्ये सरकारने अपर क्लाइड शिपबिल्डर्सला मदत नाकारली तेव्हा कामगारांनी संपाऐवजी गोद्या ताब्यात ठेवून काम चालूच ठेवलं. जिमी रीड हे त्या लढ्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. सिंगरचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला.

या गावाला लीगमधला क्लब मिळाला तो मात्र दुसऱ्या गावाकडून ओढून आणलेला होता, आणि पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. स्कॉटिश लीग तेव्हा बंद दाराची होती. तळाचा संघ बाहेर पडत नसे आणि बाहेरच्याला खेळून आत येता येत नसे. सदस्य क्लबांच्या मतांवर प्रवेश ठरे. जॅक आणि चार्ली स्टीडमन हे भाऊ फॉल्कर्कच्या ईस्ट स्टर्लिंगशायर क्लबचा कारभार पाहत. १९६४ मध्ये त्यांनी तो क्लब क्लाइडबँकच्या स्थानिक ज्युनिअर क्लबमध्ये विलीन केला आणि संघ तिथल्या किलबोवी पार्क मैदानावर आणला. (स्कॉटलंडमध्ये ज्युनिअर म्हणजे लीगबाहेरच्या प्रौढ क्लबांची स्वतंत्र व्यवस्था.) फॉल्कर्कच्या लोकांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. ते न्यायालयात गेले, जिंकले, आणि एका हंगामानंतर त्यांचा क्लब घरी परतला. स्टीडमन बंधूंनी मग क्लाइडबँकचा वेगळा क्लब उभा केला आणि १९६६ मध्ये त्याला लीगमध्ये प्रवेश मिळाला.

क्लब चालवण्याची त्यांची रीत सरळ होती. तरुण खेळाडू शोधायचे आणि योग्य वेळी विकायचे. १९७५ मध्ये लीगची फेररचना होऊन तीन विभाग झाले, तेव्हा क्लाइडबँक सगळ्यात खालच्या विभागात होता. १९७६ मध्ये तो विभाग जिंकला, १९७७ मध्ये पुन्हा बढती मिळवून थेट प्रीमियर डिव्हिजनमध्ये. दोन वर्षांत तळातून माथ्यावर! त्या संघात डावीकडून खेळणारा हॅमिल्टनचा एक पोरगा होता, डेव्ही कूपर. १९७६ च्या लीग कपमध्ये क्लाइडबँकला हरवायला ग्लासगोच्या बड्या रेंजर्स क्लबला चार सामने खेळावे लागले, आणि त्या सामन्यांनी कूपरचं नाव ग्लासगोभर केलं. १९७७ च्या उन्हाळ्यात रेंजर्सने त्याला एक लाख पौंडांना नेलं.

म्हणजे ज्या वर्षी क्लब इतिहासात पहिल्यांदा देशातल्या सर्वोच्च विभागात पोचला, त्याच वर्षी त्याने आपला सर्वोत्तम खेळाडू विकला. पुढचा हंगाम शेवटच्या क्रमांकावर संपला आणि संघ खाली आला. कूपर ठेवला असता तर काय झालं असतं, हा वाद तिथल्या जुन्या मंडळींना कधीच पुरा पडणार नाही. पण विक्रीवर जगणाऱ्या क्लबपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता असं मला वाटतं. बॉबी विल्यमसनही १९८३ मध्ये असाच रेंजर्सला गेला. टॉमी कॉइन डंडी युनायटेडला गेला आणि पुढे १९९४ च्या विश्वचषकात आयर्लंडकडून खेळला. या सगळ्या ये-जा करण्यात एक माणूस मात्र जागचा हलला नाही. बचावपटू जिम फॅलन १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत क्लाइडबँककडूनच खेळत राहिला, सहाशेहून अधिक सामने. अशा खेळाडूमुळे पाठीराख्याला काळ मोजता येतो. मुलगा शाळेत गेला तेव्हाही फॅलन, नोकरीला लागला तेव्हाही फॅलन.

किलबोवी पार्कही त्या काळात बदललं. मैदानांच्या सुरक्षेचा नवा कायदा दहा हजारांवरच्या क्षमतेला लागू होता. तेव्हा क्लबने पायऱ्यांवर लाकडी बाकं ठोकून क्षमता त्याखाली आणली. त्यामुळे १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या पहिल्या संपूर्ण बैठ्या मैदानांत त्याची गणना झाली. १९८५ मध्ये पुन्हा वरच्या विभागात बढती मिळाली. पहिल्याच वर्षी संघ तळाला राहिला, पण त्या वर्षी विभाग मोठा केल्याने वाचला. पुढच्या वर्षी वाचला नाही. १९९० मध्ये स्कॉटिश कपच्या उपांत्य फेरीत सेल्टिककडून ०-२ हार झाली. गावचाच वेट वेट वेट हा पॉप बँड पुढे क्लबचा प्रायोजक होता, आणि त्याचं नाव अंगावर घेऊन खेळणारा संघ त्या पिढीला अजून आठवतो.

डिसेंबर १९९३ मध्ये कूपर परत आला. रेंजर्सकडून बारा वर्षं, मग मदरवेलबरोबर १९९१ चा स्कॉटिश कप, आणि कारकिर्दीच्या शेवटी पुन्हा जिथून सुरुवात केली तिथे. वेग कमी झाला होता, डावा पाय तोच होता. २२ मार्च १९९५ रोजी कंबरनॉल्डच्या ब्रॉडवुड मैदानावर मुलांसाठीच्या प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम चित्रित करताना तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय ३९.

पुढच्याच वर्षी मैदानही गेलं. १९९६ मध्ये किलबोवीवर शेवटचा सामना झाला आणि ती जागा दुकानांसाठी वापरली गेली. नवं मैदान बांधायचं होतं, ते कधी झालं नाही. संघ डम्बर्टनच्या बॉगहेडवर, नंतर ग्रीनकच्या कॅपिलोवर, भाड्याच्या घरात फिरत राहिला. क्लब डब्लिनला हलवण्याचा प्रस्तावसुद्धा पुढे आला होता! घरचा सामना पाहायला दुसऱ्या गावी जावं लागतं तेव्हा म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधी गळतात, म्हणजे क्लबची दोन्ही टोकं तुटतात. प्रेक्षक घटले, कर्ज वाढलं, आणि क्लब न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेला.

मग २००२ चा उन्हाळा. मे महिन्यात जुना एअरड्रिओनियन्स क्लब दिवाळखोरीत बुडाला. लीगमधली एक जागा रिकामी झाली आणि मतदानात ती इंग्लंडच्या सीमेवरच्या ग्रेटनाला मिळाली. एअरड्रीच्या लोकांनी एअरड्री युनायटेड नावाने केलेला अर्ज हरला. तेव्हा त्यांच्या बाजूने जिम बॅलंटाइन यांनी प्रशासकांकडून क्लाइडबँक विकत घेतला, त्याचं नाव बदललं आणि संघ एअरड्रीला नेला. आपल्या गावाला फुटबॉल परत मिळावं ही त्यांची तळमळ खरी होती. पण त्याची किंमत दुसऱ्या गावाने मोजली. १९६४ मध्ये फॉल्कर्कचं जे झालं होतं तेच अडतीस वर्षांनी क्लाइडबँकच्या वाट्याला आलं. दोन्ही वेळी कारण एकच: आत शिरायला खेळाची वाट नव्हती, म्हणून जागा हीच विकत घेण्याची वस्तू झाली होती.

या वेळी कोणताही न्यायालयीन निकाल मदतीला आला नाही. पाठीराखे स्वतः एकत्र आले. त्यांच्या संघटनेचं नाव युनायटेड क्लाइडबँक सपोर्टर्स, आद्याक्षरं यूसीएस. अपर क्लाइड शिपबिल्डर्सची आद्याक्षरंही तीच, आणि त्या गावात ती वाचून १९७१ आठवला नसेल असा माणूस विरळा. त्यांनी क्लबचं नाव मिळवलं, पैसा उभा केला आणि २००३ मध्ये ज्युनिअर स्पर्धेत नव्याने सुरुवात केली. आधी डंटोकरच्या ग्लेनहेड पार्कवर, २००८ पासून योकरच्या होम पार्कवर. २००९ मध्ये संघ स्कॉटिश ज्युनिअर कपच्या अंतिम फेरीत गेला आणि ऑकिनलेक टॅलबटकडून १-२ हरला. संघातले चेहरे नवे होते. तरी प्रेक्षकांतल्या कोणाला हा वेगळा क्लब आहे असं सांगून पाहा!

सगळ्यांना हे जमलेलं नाही. ग्लासगोचा थर्ड लॅनार्क १९०४ मध्ये लीग विजेता होता, १९६१ मध्ये तिसरा आला, आणि गैरकारभारामुळे १९६७ मध्ये बुडाला. त्याच्या कॅथकिन पार्कच्या पायऱ्या आज सार्वजनिक बागेत झाडांमध्ये उभ्या आहेत. ग्रेटना २००६ मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यापर्यंत आणि २००७ मध्ये प्रीमियर लीगपर्यंत गेला, पण तो एका धनिकाच्या पैशावर उभा होता. तो धनिक आजारी पडला, पैसा थांबला, २००८ मध्ये क्लब संपला. त्यांचेही पाठीराखे नव्याने उभे राहिले. स्टर्लिंग अल्बियन २०१० मध्ये पाठीराख्यांच्या ट्रस्टने संपूर्ण विकत घेतला, आणि क्लब वाचवण्याचा हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

आठवणींचं मोल फुटबॉलबाहेरच्या लोकांनाही कळलं आहे. ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानातलं स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय आणि अल्झायमर स्कॉटलंड यांनी मिळून फुटबॉल मेमरीज नावाचा उपक्रम चालवला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना जुन्या संघांची छायाचित्रं दाखवून बोलतं केलं जातं. त्यामागे फॉल्कर्क क्लबचे इतिहासकार मायकेल व्हाइट यांचा पुढाकार होता. मुलाचं नाव विसरलेला माणूस साठ वर्षांपूर्वीची आघाडीची फळी क्रमाने सांगतो, हे अशा गटांत पुन्हा पुन्हा घडतं. खालच्या विभागांतले क्लबही आपल्या गावात असे गट भरवतात.

दरम्यान लीगचं बंद दार उघडलं आहे. २०१३ मध्ये दोन लीग एकत्र येऊन ४२ क्लबांची व्यवस्था झाली. २०१४-१५ पासून या व्यवस्थेखालच्या हायलँड आणि लोलँड लीगचे विजेते आपसांत खेळू लागले आणि त्यातला विजेता लीग टूच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या विभागाच्या, तळाच्या संघाशी भिडू लागला. २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर बाहेर पडला, २०१९ मध्ये बेरिक रेंजर्स, त्यानंतर ब्रेकिन सिटी, काउडनबीथ, अल्बियन रोव्हर्स. शंभराहून अधिक वर्षांच्या क्लबांना हा धक्का मोठा होता. ज्युनिअर व्यवस्थेतले पश्चिमेकडचे क्लब २०२० मध्ये वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये आले आणि याच शिडीच्या पायरीवर उभे राहिले. क्लाइडबँकही त्यांत होता. परत लीगमध्ये जायला आता कोणाची जागा विकत घ्यावी लागत नाही. स्कॉटिश फुटबॉल संघटनेचा परवाना हवा, त्याच्या अटींत बसणारं मैदान हवं, आणि सामने जिंकावे लागतात.