पकडलं म्हणजे बांधलं नव्हे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळताना अजूनही ऐकू येतं: ग्रॅपल झालं, म्हणजे कुणी धरून ठेवलं, की जादूगाराला मंत्र टाकता येत नाही. हे साफ चूक आहे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत ग्रॅपलने वेग शून्य होतो, म्हणजे जागचं हलता येत नाही. तलवार चालते, मंत्रही चालतो. २०२४पासून पकडलेल्याने पकडणारा सोडून दुसऱ्या कुणावर वार केला, तर तो लागतो का हे ठरवायला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. मंत्र तेव्हाही बंद होत नाही. जखडणं ही ‘रिस्ट्रेन्ड’ नावाची वेगळी अवस्था.

मग पकडायचं कशाला? धरा, मग ढकलून पाडा. उठायला निम्मा वेग खर्चावा लागतो, आणि शून्य वेगात उठताच येत नाही! आता पाच फुटांच्या आतून वार करणाऱ्या तुमच्या प्रत्येक सोबत्याला दोन फासे, आणि मोठा आकडा.