आई-बाबांसाठी कॅनडाचा सुपर व्हिसा: माणसं मोजा, मग फॉर्म उघडा

कॅनडाच्या साध्या व्हिजिटर व्हिसावर विमानतळावर बहुधा सहा महिने मिळतात. सुपर व्हिसावर एका खेपेला सलग पाच वर्षांपर्यंत राहता येतं. ही मुदत ४ जुलै २०२२ पासूनची आहे. त्याआधी ती दोनच वर्षं होती आणि जुन्या माहितीत अजूनही तेच वाचायला मिळतं. व्हिसा अनेकदा ये-जा करण्याचा, जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो, पण पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. बाबांच्या पासपोर्टची तीनच वर्षं उरली असतील, तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या.

बोलावणारा मुलगा, मुलगी किंवा नातवंड कॅनडाचं नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट (पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळालेलं) असावं लागतं. वर्क परमिटवर असलेल्यांना हा मार्ग नाही. सासू-सासऱ्यांना बोलावणारे तुम्ही नव्हे, तुमचा जोडीदार. आई-बाबांवर अवलंबून असलेला धाकटा भाऊ या अर्जात बसत नाही. अर्ज करताना आई-बाबा कॅनडाबाहेर हवेत. साध्या व्हिसावर तिथे आणून मग सुपर व्हिसा काढू, हा बेत चालत नाही.

उत्पन्नाचं गणित

बरेच अर्ज इथेच अडकतात, कारण लोक माणसं कमी मोजतात. मोजायचे ते असे: तुम्ही, जोडीदार, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं, ज्यांना आता बोलावताय ते आई-बाबा, पूर्वी स्पॉन्सर केलेले आणि ज्यांची हमी अजून चालू आहे असे, शिवाय आधी बोलावलेले आणि ज्यांचा सुपर व्हिसा अजून वैध आहे असे. ते सध्या सांगलीत परत गेलेले असले तरी मोजायचेच.

नवरा-बायको आणि दोन मुलं म्हणजे चार. आई-बाबा धरून सहा. सहा जणांसाठी जुलै २०२५ मध्ये लागू झालेली किमान रक्कम वर्षाला ७२,५६० कॅनडियन डॉलर आहे. याच जोडप्याने सही करून सासू-सासऱ्यांना आधी आणलं असेल आणि त्यांचा व्हिसा चालू असेल, तर घर आठ जणांचं होतं: सात जणांचे ८०,७८४ आणि वरच्या एकाचे ८,२२४, म्हणजे ८९,००८. हा आकडा दरवर्षी बदलतो. तेव्हा अर्ज पाठवायच्या दिवशीचा तक्ता बघा.

एकट्याचं उत्पन्न कमी पडत असेल तर जोडीदाराला सहस्वाक्षरी करता येते. भाऊ, बहीण किंवा मित्राची सही चालत नाही. पुरावा म्हणून कॅनडाच्या कर खात्याचं नोटिस ऑफ असेसमेंट, म्हणजे विवरणपत्र तपासून खातं पाठवतं ते पत्र, सर्वांत भक्कम. त्यातली १५००० क्रमांकाची ओळ, म्हणजे कर वजा होण्याआधीचं एकूण उत्पन्न, पाहायची. सोबत नोकरीचं पत्र (पद, रुजू झाल्याची तारीख, वार्षिक पगार) आणि अलीकडच्या पगारपावत्या जोडा. हातात पडणाऱ्या पगारावरून हिशेब करून उगाच घाबरणारेही पुष्कळ असतात.

निमंत्रणपत्र आणि नात्याचा पुरावा

निमंत्रणपत्रात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: मुक्काम असेपर्यंतचा सगळा खर्च मी करीन, आणि माझ्या घरात एकूण इतकी माणसं आहेत, नावनिशीवार. तुमच्या नागरिकत्वाची किंवा पीआर कार्डाची प्रत जोडा.

नातं सिद्ध करायला तुमचा जन्मदाखला लागतो, आई-बाबांचा नव्हे. खरी डोकेदुखी नावांची. जुन्या हस्तलिखित दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, किंवा आईचं नाव माहेरचं असतं, आणि तिच्या पासपोर्टवर सासरचं. मुलीचं लग्नानंतर नाव बदललं की तिसरा फरक पडतो. बाळाचं नाव नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ते नोंदवून नवा दाखला घ्या. इतर फरकांसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा, आणि ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र द्या. तुमच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं असतात. तेही पान आधाराला लावा. शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेल्या जन्मतारखांची पिढी आपल्याकडे मोठी आहे. फॉर्ममध्ये मात्र पासपोर्टवरचीच तारीख जाते.

मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं. सातबाऱ्यालाही. भाषांतर घरच्या कुणीही करायचं नाही, भाची इंग्रजीची प्राध्यापक असली तरी.

विमा

प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्षाचा, प्रत्येकी किमान १,००,००० कॅनडियन डॉलरचा विमा हवा. उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत नेण्याचा खर्च त्यात हवा. पॉलिसी कॅनडियन कंपनीची असावी. २८ जानेवारी २०२५ पासून तिथल्या वित्त नियामकाने मान्यता दिलेल्या परदेशी कंपन्यांचीही चालते. मान्यता नसलेली नेहमीची प्रवास पॉलिसी मात्र चालत नाही. हप्त्यांनी पैसे भरले तरी चालतं, पण नुसतं कोटेशन जोडलं तर अर्ज अपुरा ठरतो.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर पॉलिसीतली ‘स्थिर’ आजाराची व्याख्या वाचा. ठरावीक दिवसांत गोळीचा डोस बदलला, अगदी कमी केला तरी, अनेक कंपन्या आजार अस्थिर धरतात आणि दावा फेटाळतात. व्हिसा नाकारला गेल्यास पैसे परत मिळण्याची अट आधी लेखी पाहून घ्या.

वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, फी

तपासणी फक्त कॅनडाने नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडेच होते आणि ती १२ महिने चालते. छातीचा एक्स-रे, रक्त आणि लघवी तपासतात. जुन्या क्षयाचा डाग दिसला तर थुंकीचे नमुने घेऊन कल्चर (जंतू वाढतात का हे पाहण्याची चाचणी) करतात, आणि त्यात दीड-दोन महिने जातात. आधी टीबीचे उपचार झाले असतील तर ते कागद सोबत न्या. तिकीट मात्र काढून ठेवू नका.

अर्ज ऑनलाइन, प्रत्येकाचा वेगळा. भेटीच्या कारणात सुपर व्हिसा निवडा. तिथे साधी कौटुंबिक भेट निवडली, तर कागद सगळे असूनही साधा व्हिसा हाती पडू शकतो. अर्ज तुम्ही भरत असाल तर प्रतिनिधीचा ५४७६ क्रमांकाचा फॉर्म आई-बाबांच्या सहीने जोडा. एका खान्यात एकच फाइल जात असेल तर त्या विषयाचे सगळे कागद एका पीडीएफमध्ये जोडून घ्या.

फी प्रत्येकी १०० डॉलर. बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) एकाला ८५, कुटुंबाने एकत्र अर्ज केल्यास कमाल १७०. फी भरल्यावर पत्र येतं. त्यानंतर ३० दिवसांत मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात ठसे द्यायचे. वयाची ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना ते लागत नाहीत.

नकाराचं नेहमीचं कारण म्हणजे मुदत संपल्यावर परत जातील याची अधिकाऱ्याला खात्री न वाटणं. त्यावर पेन्शनचा आदेश, घराचे आणि शेतीचे कागद, मुदत ठेवी, आयकर विवरणपत्रं आणि इथे राहणाऱ्या भावंडांची माहिती कामी येते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात आलेली मोठी रक्कम उलट शंका वाढवते. नकार आला तर कॅनडातून पाच डॉलर भरून अधिकाऱ्याच्या नोंदी मागवता येतात. त्या वाचल्याशिवाय तोच अर्ज पुन्हा पाठवू नका.

विमा आणि निमंत्रणपत्राच्या छापील प्रती आई-बाबांच्या हातातल्या पिशवीत द्या, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. ‘सुपर व्हिसा’ हे दोन शब्द त्यांनी कॅनडाच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या खिडकीपाशी आपणहून म्हणावेत, आणि शिक्क्याखाली तारीख लिहिली असेल तर ती तिथेच वाचून घ्यावी. सहा महिन्यांची दिसली तर त्याच अधिकाऱ्याला विचारावं. बाहेर आल्यावर मुदतवाढीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी लागते, आणि तो अर्ज मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी करावा.