किर्लोस्करवाडी म्हणजे पिढीजात इस्टेट? नाही हो!

महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन आलं की डब्यात कुणीतरी हमखास बोलतंच, "हे अख्खं गाव किर्लोस्करांचं, वडिलोपार्जित जहागीर". साफ चूक!! किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या मुंबईतच नोकरी करायचे, जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला आलेले पण रंग नीट ओळखता येईनात म्हणून मशीन ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात मास्तर झाले (कॉलेज तेव्हा भायखळ्याला, माटुंग्याला नंतर गेलं). प्रमोशन डावललं तेव्हा नोकरी सोडून थेट बेळगावला, सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. तिथल्या नगरपालिकेने जागा खाली करायला लावली तेव्हा औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये कुंडल रोड (आजचं किर्लोस्करवाडी) स्टेशनजवळची जमीन दिली, वर कर्जपण. जमीन म्हणजे काय, निवडुंग आणि साप! जहागीर कसली डोंबलाची. रखवालीला लक्ष्मणरावांनी चक्क शिक्षा भोगून आलेले दरोडेखोर ठेवले, हे मला जाम आवडतं. आणि पैसा म्हणाल तर नांगर आधी खपतच नव्हते, लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हातच लावेनात.